पाव सेकंदाचीही उसंत नाही

परवा भाची ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. शेजारी ठेवलेला तिचा मोबाइल थरथरला. जिवलग मैत्रिणीचा फोन! वाजून वाजून तो थांबेपर्यंत ती नुसती बघत राहिली आणि थांबल्याबरोबर दोन्ही अंगठ्यांनी टाइप केलं, 'बोल ना गं, काय झालं?' घ्या! ती बोलायलाच तर फोन करत होती.

'या पिढीला माणसं नकोत,' असं म्हणून मोकळं होता येतं. पण बोलण्यात मेंदूची केवढी तारांबळ होते, ते पाहिलं की पोरीची बाजू पटू लागते.

तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या. २००९ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. 'हो की नाही' असा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी किती वेळ जातो? सुमारे २०० मिलिसेकंद. पाव सेकंदसुद्धा नाही! आणि साधं आंब्याचं चित्र बघून 'आंबा' म्हणायला मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच आपण त्याचा शेवट ताडून उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. ऐकणं आणि रचणं, दोन्ही एकाच वेळी. दिवसभर आपण ही कसरत करतो आणि तिला 'गप्पा मारणं' म्हणतो!

समोरासमोर असलो की मान डोलते, भुवई उडते, निभावून जातं. फोनवर ते सगळं गेलं. वर जुन्या टेलिफोनने आवाजही छाटला: साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जायचा. 'स'चा सुस्कारा बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून तर आपण 'सशाचा स, फणसाचा फ' असं ओरडत आलो. त्यात 'येशील ना?' या प्रश्नानंतर अर्धा सेकंद गप्प राहिलं, तरी 'नाही' आधीच ऐकू जातं. त्याच संशोधनात नकार होकारापेक्षा उशिरा येताना दिसले.

मेसेजने हे घड्याळच काढून घेतलं. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा, तोही कॉम्प्युटरवरून. त्याची १६० अक्षरांची मर्यादा मात्र इंग्रजीच्या मापाची. एका मेसेजला १,१२० बिट. रोमन अक्षराला ७ लागतात, देवनागरीला १६. आपल्या वाट्याला ७०. शिवाय काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' लिहा: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. झाले सहा! त्या काळच्या कितीतरी हँडसेटवर देवनागरी धड उमटायचीही नाही. आपण मराठी रोमन लिपीत कोंबायला शिकलो, ते काही उगीच नाही.

भाचीला मैत्रिणीने विचारलं होतं, 'रविवारी ट्रेकला येतेस?' हिने उलट विचारलं, 'आणखी कोण?' मग पडद्यावर 'टायपिंग' दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. भाचीने कप खाली ठेवला.

"तोही येतोय वाटतं," ती म्हणाली. उत्तर अजून आलंच नव्हतं.