क्रम नव्हे, मार्का पाहावा

गतवर्षी आमच्या पेढीच्या हिशेबाची नक्कल भलत्याच बाह्य डिस्कवर उतरली व तेथील जुनी खाती पुसली गेली. आम्ही मुनिमजींस बोल लावला. तो अन्याय होता. लिनक्स प्रणालीत 'एसडीबी', 'एसडीसी' ही नावे डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतात. संगणक पुन्हा सुरू होताना त्यांची अदलाबदल होऊ शकते. वखारीत आधी उतरले ते पोते गव्हाचे, असे आपण मानीत नाही. मार्का पाहूनच थप्पी लावतो. डिस्कच्या प्रत्येक विभागासही 'यूयूआयडी' हा स्वतंत्र मार्का असतो. तो 'एफएसटॅब' या फाइलीत नोंदविला, की विभाग ठरल्या जागीच जोडला जातो. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमधून वर्णमालेतील शेवटचे एखादे अक्षर नेमून द्यावे. बंधूंनो, वहीपूजनापूर्वी एवढे अवश्य करावे.