चाकांची दिशा आणि मोटारीची झीज

मोटार सरळ धावत असता तिची पुढील चाके जवळजवळ समांतर असावी लागतात. समजा, प्रत्येक चाक केवळ १ अंशाने आत वळलेले आहे. मोटार सरळच जाते. परंतु दर किलोमीटरमागे प्रत्येक चाक सुमारे १७ मीटर आडवे फरपटले जाते. अशा टायरवरून एका दिशेने हात फिरविल्यास तो गुळगुळीत लागतो, उलट दिशेने बोचरा.

ही हानी टायरपाशीच थांबत नाही. आडवा दाब चाकाच्या बेअरिंगवर, सुकाणूच्या सांध्यांवर व रबरी बुशांवर सतत पडतो; इंधनही अधिक जळते. सांधे सैल झाले की चाकांची दिशा आणखी बिघडते. म्हणून कुशल कारागीर प्रथम सांधे तपासतो, मगच चाके जुळवितो. एरवी नवे टायरही तसेच झिजतात.