अर्धस्वयंचलित रायफलीच्या काडतुसांसाठी डायची निवड : तंत्र आणि कायदा

प्रस्तावना

अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीपासून घाटकोपर-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गापर्यंत मुंबईच्या उपनगरांत प्रेस आणि डाय यांचे काम कित्येक दशके चालत आले आहे. यातील अनेक कारखाने आज बंद झाले असले, तरी धातूला अचूक माप देणारे कारागीर येथे अजूनही आहेत. पितळी वस्तूला आकार देण्याचे हेच तत्त्व काडतुसाच्या पुंगळीलाही लागू पडते. महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) आणि वरणगाव (१९६४) येथील सरकारी कारखान्यांत काडतुसे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीकडे आहेत.

झाडलेली पुंगळी मूळ मापावर आणून तिचे पुन्हा काडतूस करणे, यास रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत व युरोपातील काही देशांत अनेक नेमबाज हे काम घरी करतात. यासाठी कोणती डाय निवडावी व का, आणि भारतीय कायद्यात त्या डायचे स्थान काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुंगळीचे वर्तन

रायफलीची पुंगळी साधारणतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. गोळी सुटताना वायूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटून वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते; परंतु मूळ मापावर येत नाही. म्हणजेच झाडलेली पुंगळी हा त्या विशिष्ट चेंबरचा जणू ठसाच असतो. हे माप पुन्हा कमी करणे हे डायचे काम होय. पितळ दाबल्यावर थोडे मागे उसळते. म्हणून डायचे आतील माप अपेक्षित मापाहून किंचित लहान ठेवावे लागते.

हाताचा बोल्ट आणि स्प्रिंगचा बोल्ट

आपल्याकडील दोन परिचित रायफलींची तुलना येथे उपयुक्त ठरेल. पोलिसांनी दीर्घकाळ वापरलेल्या ·३०३ रायफलीचा बोल्ट हाताने चालतो. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते व ते त्या कडेवर टेकते. एसएलआर ही ७.६२ मि.मी. रायफल मात्र अर्धस्वयंचलित आहे. तिचे काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर टेकते. हाताच्या बोल्टमध्ये काडतूस घट्ट बसल्यास नेमबाजाच्या तळहाताला ते लगेच जाणवते. अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर मिटतो. तेथे ही जाणीव उरत नाही. पुंगळी जाड वा लांब राहिली, तर बोल्ट पूर्ण मिटत नाही आणि रायफल अडकते. सुस्थितीतील रायफल अशा वेळी गोळी झाडत नाही. परंतु झिजलेल्या यंत्रणेत अपघाताचा धोका संभवतो.

डायचे प्रकार व निवड

१) मानेची डाय : ही केवळ पुंगळीची मान आवळते. एकाच हातबोल्ट रायफलीसाठी ती चालू शकते. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी ती अयोग्य होय, कारण फुगलेले अंग व पुढे सरकलेला खांदा तसाच राहतो.

२) पूर्ण लांबीची डाय : ही मान, खांदा व अंग या तिन्हींना माप देते. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी हीच सर्वसाधारण निवड होय.

३) अरुंद बुडाची डाय : ही बुडाजवळचे अंग आणखी किंचित आवळते. पूर्ण लांबीच्या डायनंतरही पुंगळी त्या चेंबरमध्ये सहज बसत नसेल, तरच हिचा विचार करावा. अन्यथा पितळ विनाकारण अधिक काम सोसते व लवकर तडकते.

४) गोळी बसविण्याची डाय : मॅगझिनमधून चेंबरमध्ये ढकलले जाताना काडतुसाला धक्का बसतो व गोळी आत सरकू शकते. म्हणून मानेची पकड पुरेशी असावी लागते; गोळीवर त्यासाठी खाच असेल तर पुंगळीचे तोंड हलके आवळता येते.

निवडीइतकेच महत्त्व डायच्या बसवणीला आहे. खांदा किती मागे न्यावा, याचे माप त्याच रायफलीतून झाडलेल्या पुंगळीवर गेज लावून ठरवितात. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी हे अंतर सामान्यतः ०.०८ ते ०.१३ मि.मी. ठेवतात. याहून बरेच अधिक मागे नेल्यास पुंगळी प्रत्येक वेळी बुडाच्या वर ताणली जाते, तेथील भिंत पातळ होते आणि अखेर पुंगळीचे दोन तुकडे होतात. घट्ट काडतुसाची भीती बाळगून अति आवळणे हाही दोषच होय.

कायद्यातील स्थान

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे भाग आणि दारूगोळा बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. म्हणजे ज्या डायमध्ये दारूचा कणही नाही, तीही या व्याख्येच्या कक्षेत येऊ शकते. शस्त्र बाळगण्याचा परवाना कलम ३ खालील असतो. निर्मितीसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. पहिला असला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान ७ वर्षे ते आजन्म कारावासाची शिक्षा आहे. आयातीवरही कलम १० चे नियंत्रण आहे.

याचा संबंध उपनगरातील दोन वर्गांशी येतो. नमुना पाहून डाय बनवून देणाऱ्या लहान टूलरूमच्या मालकाने काम स्वीकारण्यापूर्वी ती कशासाठी आहे हे विचारावे. परदेशस्थ नातेवाइकाने छंदासाठी कायदेशीर रीतीने घेतलेला डायचा संच सामानातून येथे आणण्याचा विचार असेल, तर परवाना अधिकाऱ्याकडून आधी लेखी खुलासा घ्यावा. मुंबईत शस्त्रपरवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. ऑलिंपिकमधील रायफल नेमबाजांपुढे मात्र हा प्रश्न येत नाही. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातील ·२२ काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच असतो. ते पुन्हा भरता येत नाही.

समारोप

सारांश, डायची निवड ही नाममुद्रा वा किंमत यांवर नव्हे, तर रायफलीची यंत्रणा व तिचे चेंबर यांवर अवलंबून असते. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी पूर्ण लांबीची डाय व गेजने तपासलेले माप हे तांत्रिक उत्तर आहे. आपल्या देशात मात्र त्याआधीचा प्रश्न परवान्याचा आहे. कारागिरास डाय बनविता येते, एवढ्यावरून ती बनविण्याचा अधिकार त्यास प्राप्त होत नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.