दहावीच्या आधीचा एक दिवस : ग्रामीण विद्यार्थिनींची महिला विद्यापीठाला भेट

दहावीचा निकाल लागला की शेतकरी कुटुंबातील मुलीपुढे अवघ्या काही दिवसांत एक निर्णय उभा राहतो. अकरावीला कोणती शाखा घ्यायची, हा तो निर्णय. तो बहुधा घरातील वडीलधारी मंडळी घेतात आणि जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जी शाखा उपलब्ध असेल तीच घेतली जाते. विज्ञान किंवा कृषी हा विषय तेथे सुटला, तर कृषी पदवीचे दार त्याच दिवशी बंद होते. ते बंद झाल्याचे मात्र त्या मुलीला दोन वर्षांनी, बारावीनंतर कळते. म्हणूनच माध्यमिक शाळेतील मुलींना उच्च शिक्षणाच्या संस्थेत नेण्याची योग्य वेळ नववी-दहावी ही आहे. बारावीनंतर दाखवलेले महाविद्यालय अनेकींसाठी केवळ पाहण्यापुरतेच उरते.

अशी भेट कशी आखावी, हे समजून घेण्यासाठी राजस्थानातील टोंक जिल्ह्याचे उदाहरण उपयुक्त आहे. मोहरी, बाजरी, ज्वारी आणि शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या या जिल्ह्यात निवाई तालुक्यात बनस्थली विद्यापीठ आहे. केवळ स्त्रियांसाठी असलेली ही निवासी संस्था असून प्राथमिक वर्गांपासून संशोधनापर्यंतचे शिक्षण एकाच परिसरात मिळते. याच संस्थेकडे कृषी विज्ञान केंद्रही असल्याने शेती आणि स्त्रीशिक्षण या दोन्ही बाबी विद्यार्थिनींना एका फेरीत पाहता येतात.

एका मुलीच्या आठवणीतून उभी राहिलेली संस्था

हीरालाल शास्त्री यांनी जयपूर संस्थानातील नोकरी सोडली आणि १९२९ मध्ये ग्रामसेवेसाठी ते येथे, तेव्हाच्या बंथली या खेड्यात, येऊन राहिले. त्यांची कन्या शांताबाई हिने हेच काम पुढे न्यावे, अशी त्यांची इच्छा होती. गावातील मुलींना शिकवण्यासाठी झोपडी बांधायची म्हणून ती स्वतः मातीच्या कच्च्या विटा पाडत असे, असे संस्थेच्या इतिहासात सांगितले जाते. एप्रिल १९३५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, अल्पशा आजाराने तिचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हीरालाल आणि रतन शास्त्री या दांपत्याने मोजक्या मुलींना घेऊन ‘श्री शांताबाई शिक्षा कुटीर’ सुरू केले. पुढे १९४९ मध्ये हीरालाल शास्त्री राजस्थानचे पहिले मुख्यमंत्री झाले. रतन शास्त्री यांना १९७५ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९८३ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला.

ही कथा भेटीच्या सुरुवातीलाच सांगावी. नववी-दहावीच्या मुली शांताबाईहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतात. विटा पाडणे, शेण सारवणे, चारा आणणे ही कामे त्यांच्या हातची आहेत. आपल्यासारख्याच एका मुलीच्या कामातून विद्यापीठ उभे राहिले, हे कळल्यावर मोठ्या इमारतींचे दडपण कमी होते. शारीरिक, व्यावहारिक, कलात्मक, नैतिक आणि बौद्धिक अशा पाच अंगांनी दिले जाणारे ‘पंचमुखी शिक्षण’ हे बनस्थलीचे वैशिष्ट्य होय. येथील विद्यार्थिनी खादी वापरतात, घोडेस्वारी शिकतात आणि विमानोड्डाणाचे प्रशिक्षणही घेतात.

पाहणे पुरेसे नाही

इमारती दाखवून, अल्पोपाहार देऊन आणि छायाचित्र काढून संपणारी भेट लवकर विसरली जाते. मुलींना शेतीतील जे ज्ञान आधीपासून आहे, तेथून सुरुवात केली तर ती टिकते. बाजरीचे बियाणे कसे निवडावे, शेळी व्याल्यावर तिची काळजी कशी घ्यावी, हे त्यांना घरी पाहून ठाऊक असते. प्रयोगशाळेत त्याच बियाण्याची उगवण टक्केवारी काढून दाखवली की घरचे काम आणि विज्ञान यांतील नाते आपोआप उलगडते. याच जिल्ह्यात मालपुरा तालुक्यातील अविकानगर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. एका वितात एकाहून अधिक कोकरे देणारी ‘अविशान’ मेंढी तेथेच विकसित झाली. मेंढपाळ कुटुंबातील मुलीला ही नोंदवही आणि ही मेंढी दाखवणे, हे कोणत्याही भाषणापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. मात्र दोन्ही संस्था एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा.

दुसरी गोष्ट पालकांची. मुलीला दूर पाठवण्यास घरातून होणारा विरोध पुष्कळदा अज्ञात जागेच्या भीतीतून येतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थिनीसोबत आईला, शक्य नसेल तर घरातील अन्य एका व्यक्तीला, आवर्जून न्यावे. वसतिगृहाची खोली, स्वयंपाकघर, दवाखाना, भेटीचे नियम आणि रात्रीची सुरक्षा हे आईने स्वतः पाहिलेले असावे. आपल्याच भागातून आलेल्या एखाद्या विद्यार्थिनीशी तासभर मोकळे बोलणे झाले, तर उत्तमच.

खर्चाचा प्रश्न टाळू नये

निवासी संस्थेचे शुल्क प्रत्येक कुटुंबाला परवडेल असे नाही. हे स्पष्टपणे सांगावे आणि लगेच पर्यायही मांडावेत. भेटीचा हेतू एका विशिष्ट संस्थेत प्रवेश घडवणे हा नसून मुलीचा पुढचा मार्ग मोकळा ठेवणे हा आहे. राजस्थानात अकरावीला कृषी ही स्वतंत्र शाखा आहे. कृषी विषय घेणाऱ्या मुलींना राज्य शासन अकरावी-बारावीसाठी वार्षिक १५ हजार, पदवीसाठी २५ हजार आणि पीएच.डी.साठी ४० हजार रुपये प्रोत्साहन देते. परिषदेच्या प्रवेश परीक्षेद्वारे अन्य राज्यातील कृषी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. पूर्वीच्या गृहविज्ञानाचेच आजचे रूप असलेला सामुदायिक विज्ञान हा अभ्यासक्रमही पोषण, वस्त्रविज्ञान आणि ग्रामीण विस्तार यांची दारे उघडतो. परतण्यापूर्वी प्रत्येक मुलीच्या वहीत चार ओळी असाव्यात : अकरावीची शाखा, ती शिकवणारे जवळचे महाविद्यालय, प्रवेश परीक्षेचे नाव आणि लागू होणारी शिष्यवृत्ती.

विस्तार कार्यकर्त्यांची जबाबदारी

महाराष्ट्रातील गावांना याची उलट बाजू परिचयाची आहे. कृषी महाविद्यालयांच्या ‘कृषिकन्या’ अंतिम वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात मुक्काम करतात, बीजप्रक्रियेची आणि माती परीक्षणासाठी नमुना घेण्याची प्रात्यक्षिके देतात. त्यांच्याभोवती जमणाऱ्या शाळकरी मुलींपैकी कोणी ‘तुमच्यासारखे व्हायला काय करावे लागते?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच ही भेट होय. कृषी विज्ञान केंद्र, शाळेचे मुख्याध्यापक आणि गावातील महिला बचत गट यांनी मिळून डिसेंबर-जानेवारीत असा एक दिवस आखणे अवघड नाही. निकालानंतरच्या आठवड्यात कार्यकर्त्याने त्या घरी पुन्हा एकदा जावे आणि वहीतील त्या चार ओळी पालकांसमोर वाचाव्यात. भेट सफल झाली की नाही, हे त्या दिवशी भरलेल्या प्रवेश अर्जावरूनच ठरेल.