किल्ल्यातला दिवा : खांदेरी कशी पाहावी?

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. तिथे येणारं प्रत्येक मोठं जहाज मुंबई बंदराच्याच तोंडातून आत शिरतं. या तोंडाच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर, खांदेरी बेट आहे. बेटावर शिवकालीन किल्ला आहे आणि किल्ल्याच्या आत १८६७ साली इंग्रजांनी उभारलेलं दीपगृह. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत खांदेरीही आली. तेव्हापासून उरण-पनवेलकडची माणसं मला एकच विचारतात : ‘किल्ल्यात हे इंग्रजी लायटहाऊस कशाला?’ माझ्या मते खांदेरी पाहायची ती याच प्रश्नापासून.

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी या बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण इथून मुंबईला येणारं-जाणारं गलबत नजरेत राहतं. त्यांनी आरमार पाठवलं. कॅप्टन केग्विन ‘रिव्हेंज’ घेऊन लढला, सिद्दीही चालून आला. पण दौलतखानाच्या लहान, उथळ पाण्यात वावरणाऱ्या होड्या रसद पोचवत राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने शेजारची उंदेरी तटबंद केली. पुढे खांदेरी आंग्र्यांकडे असताना, १७१८ साली इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला आणि हात हलवत परतले. बेट त्यांच्या हाती टिकलं ते पेशवाई बुडाल्यावरच.

आणि मग त्यांनी तिथे दिवा लावला. ज्या जागेवरून सारं दिसतं, ती जागा साऱ्यांनाही दिसते. टेहळणीला जी उंची लागते, तीच दिव्यालाही लागते. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा किती लांबून दिसणार हे उंचीवर ठरतं. समुद्रसपाटीपासून ४९ मीटरवरच्या दिव्याचं क्षितिज साधारण २७ किलोमीटरवर असतं. जहाजाचा डेक उंच असेल तर त्यात आणखी भर पडते. ज्योत मात्र एवढी लांब पोचत नाही. त्यासाठी १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रेनेलने काचेच्या लोलकांची कडी रचून भिंग केलं. सगळीकडे पसरणारा उजेड ते एका झोतात गोळा करतं. भिंग फिरलं की लांबून लुकलुक दिसते. किती सेकंदांनी किती झोत, हे प्रत्येक दीपगृहाचं वेगळं असतं. नाविक ते मोजतो, नकाशाशी ताडतो आणि आपण कुठे आहोत हे ओळखतो.

म्हणून दीपगृहावर चढून चहूकडचे फोटो काढणं हे अर्धंच दर्शन. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी सज्ज करून खुली झाली. ही गोष्ट चांगलीच. पण बगीचा आणि सेल्फीचा कट्टा झाला, आणि दिव्याची खूण कुठेच सांगितली नाही, तर तो नुसता उंच जिना उरेल.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी करंजाहून लाँचने रेवस गाठावं, तिथून थळ. पुढे होडी भरती-ओहोटी पाहूनच सुटते. पावसाळ्यात जाऊ नये. मनोऱ्यात जाता येईल का, हे आधी विचारून घ्यावं. बेटावर वेताळाचं देऊळ आहे. कोळ्यांची त्याच्यावर श्रद्धा. लोखंडी गाड्यांवरच्या तोफा आहेत. दगड आपटला की धातूसारखा वाजणारा खडक आहे. पण आधी तटावर उभं राहून मुंबईच्या दिशेने पाहावं, आणि मग मान वर करून मनोऱ्याकडे.

वारसा म्हणून तट जपायचा आणि मनोरा उपरा म्हणून बाजूला ठेवायचा, ही भूल होऊ नये. ज्यांनी हा तट उठू नये म्हणून तोफा डागल्या, त्यांनाच एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी आपला दिवा त्याच तटाच्या आत लावावा लागला. मायनाक भंडाऱ्याच्या कामगिरीला याहून मोठी साक्ष कोणती? जमल्यास अंधार पडेपर्यंत थळच्या किनाऱ्यावर थांबावं आणि दोन झोतांमधले सेकंद स्वतः मोजावेत.