चुकाऱ्याचा हिशेब आणि जावा यंत्राची सुरुवात

अकोला-अमरावती भागात कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंग कारखान्यांसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. प्रत्येक गाडीसाठी जिन नव्याने सुरू करावा व ती रिकामी होताच बंद करावा, असे कोणताही कारखानदार करणार नाही. संगणकावरील हिशेबात मात्र नेमके हेच अनेकदा नकळत घडते.

बँका व विमा संस्थांमधील हिशेबाच्या जुन्या आज्ञावली बहुधा १९५९-६० मध्ये आकारास आलेल्या कोबोल भाषेत आहेत. नवी कामे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेत लिहिली जातात आणि जुनी आज्ञावली त्यांसाठी जावाचे साहाय्य घेते. जावा थेट संगणकावर चालत नाही. तिच्यासाठी प्रथम एक ‘आभासी यंत्र’ उभे करावे लागते. त्यासाठी स्मृतीत जागा राखणे, ‘क्लास’ नावाचे आज्ञांचे शेकडो गट आणणे आणि ते निर्दोष असल्याची खात्री करणे ओघानेच आले. एवढे होऊनही आरंभी हे यंत्र एकेका आज्ञेचा अर्थ लावीतच चालते. वारंवार लागणाऱ्या भागांचे यंत्रभाषेत रूपांतर ते काम करता करता करते व मगच वेग घेते. यंत्र बंद होताच हे रूपांतरही नाहीसे होते.

समजा, १०,००० शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याची यादी रात्री तपासावयाची आहे आणि यंत्र उभे राहण्यास अर्धा सेकंद लागतो. प्रत्येक नोंदीसाठी नवे यंत्र उभे केले तर निव्वळ सुरुवातीतच ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे १ तास २३ मिनिटे जातात. एकदाच सुरू करून संपूर्ण यादी त्याच्या हवाली केली, तर तोच खर्च अर्ध्या सेकंदावर येतो. यादी वेळेत बँकेत पोचली नाही तर रक्कम पुढच्या दिवसावर जाते. वेचणीची मजुरी आणि रब्बीचे बियाणे तर त्याच पैशांवर अवलंबून असतात.

यंत्र सतत चालू ठेवल्यास ते स्मृती अडवून ठेवते आणि त्यातील एक बिघाड अनेक व्यवहारांना भोवू शकतो, हेही खरे. दिवसातून एकदाच होणाऱ्या कामासाठी अर्ध्या सेकंदाची चिंता व्यर्थच होय. मार्च २०१९ मधील जावाच्या १२ व्या आवृत्तीपासून मूलभूत क्लासचे तयार भांडार सोबतच मिळते. त्याने सुरुवात हलकी झाली, फुकट झाली नाही.

संगणकीकरणाचे काम ताब्यात घेताना चाचणी पूर्ण यादीवर घेणे म्हणूनच आवश्यक ठरते. पाच नोंदींच्या चाचणीत हा खर्च अवघा अडीच सेकंदांचा असतो व तो कोणाच्याही नजरेत भरत नाही.