जरा हात लावा!

उसाच्या फडात मोळी बांधून झाली की ‘जरा हात लाव’ अशी हाक जाते. तीस-चाळीस किलोंचे ओझे एकट्याने डोक्यावर चढवणे अवघड. दुसरा माणूस टोक धरतो, दोघे मिळून उचलतात. हात लावणारा सोडतो कधी? घेणाऱ्याच्या मानेने वजन पेलले, हे त्याच्या तळहाताला कळते तेव्हा. लवकर सोडले तर मान लचकते, उशीर केला तर तोल जातो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या ऊसतोड टोळ्यांत हे कुणी कुणाला शिकवत नाही, तरी सगळ्यांना येते.

जगभरच्या विद्यापीठांत रोबोला नेमके हेच शिकवण्याची खटपट चालू आहे.

कारखान्यातला जुना रोबो जाळीआड ठेवावा लागे. हात अमुक जागी न्यायचा म्हणजे न्यायचा, मध्ये माणूस आला तरी. 25 जानेवारी 1979 रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा कामगार अशाच यंत्राच्या धडकेने मेला. पुढे 1985 मध्ये एमआयटीच्या नेव्हिल होगन यांनी वेगळा विचार मांडला. यंत्राने जागेचा हट्ट धरू नये आणि जोराचाही धरू नये. कुणी ढकलले तर किती दबायचे, किती अडून राहायचे, एवढे नाते ठरवावे. याला इम्पीडन्स कंट्रोल म्हणतात. मला तरी ही हात लावणाऱ्या गड्याचीच रीत वाटते. त्याच विचारातून पक्षाघाताच्या रुग्णाचा हात धरून व्यायाम घेणारे यंत्र तयार झाले. रुग्ण अडला तर ते आधार देते, त्याचा हात चालू लागला की आड येत नाही.

पुढची पायरी म्हणजे अंगावर चढवायचे यंत्र, एक्झोस्केलेटन. त्याला दरवेळी मोटार लागतेच असे नाही. 2015 मध्ये अमेरिकी संशोधकांनी घोट्याला बांधायचा नुसता स्प्रिंगचा सांगाडा केला, त्याने चालण्याची शक्ती सुमारे 7 टक्के वाचली. कमरेच्या सांगाड्यात वाकताना पट्टा ताणला जातो आणि उठताना तोच वर ओढतो.

बुडापासून ऊस तोडायला दिवसभर वाकणाऱ्या माणसाला याहून उपयोगी काय असेल? पण हे सांगाडे बहुतेक कारखान्यातल्या, पॅन्ट घातलेल्या कामगाराच्या मापाने घडतात. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. त्यातली बाई साडीवर पुरुषाचा सदरा चढवून काम करते. मांडीला आवळायचा पट्टा ती बांधणार कुठे? घाम, पाचटाची कुसळे, ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळी घेऊन चढणे, यांची कसोटी प्रयोगशाळेत लागत नाही. शिवाय मजुरी टनावर, खाड्याचा दंड वेगळा. कंबर वाचली म्हणून मुकादमाने जास्त टन मागितले, तर त्या यंत्राने मजुराचे काहीच भले केले नाही.

ऊसतोडणी यंत्राला सरकार लाखोंचे अनुदान देते. ते यंत्र मजुराच्या जागी येते. मजुराला हात लावणाऱ्या यंत्रासाठीही पैसा आणि बुद्धी खर्ची पडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. अंबाजोगाईत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मिळून करावा, बायांची मापे आधी घ्यावीत. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. यायचे तर त्याआधी या.